वांगं पारखून, कापूस भरवशावर

हिवाळ्यात जळगावच्या भाजीबाजारात भरताचं वांगं घेणारा माणूस एकदा नीट पाहावा. बामणोदकडचं हिरवट-पांढरं, एका हातात न मावणारं वांगं तो उचलतो आणि तोलून पाहतो, कारण आकाराच्या मानाने जड लागलं तर आत बियाच बिया. मग देठ तपासतो. देठाखाली भोक आहे का ते पाहतो, वांगं उलटं करतो, दाबतो, उजेडाकडे धरतो आणि परत ढिगात ठेवतो. "अळी नाही ना निघणार?" "भो, मी काय आत जाऊन पाहून आलो का?" हे उत्तर त्याला पटत नाही. तो शेजारच्या गाडीवर जातो आणि तिथे हीच चौकशी पहिल्यापासून सुरू करतो. आता हाच माणूस जूनमध्ये बी-बियाण्यांच्या दुकानात पाहावा. "कसं आहे हे वाण?" "सगळे नेऊ राहिले." "द्या मग दहा पाकिटं." संपला व्यवहार. बोंडात अळी निघेल का, हा प्रश्न काउंटरच्या अलीकडून येत नाही आणि पलीकडून कोणी काढत नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीने राज्यभरचा कापूस खाल्ला तेव्हा खान्देशही त्या पंगतीत होता, हे दोघांनाही तोंडपाठ आहे. वीस रुपयांच्या वांग्याला पाच परीक्षा, आणि लाखाच्या कपाशीला एक आशीर्वाद.

बाहेरगावची शहाणी माणसं हे पाहून हसतात. त्यांच्या मते खान्देशी माणसाला जोखमीचं गणित येत नाही, म्हणून लहान गोष्टीत तो चिकित्सक होतो आणि मोठ्या गोष्टीत भाबडा. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. गणित त्याला येतं, आणि शहाण्यांपेक्षा बरं येतं. वांग्याबद्दलची माहिती वांग्यातच असते. चार वांगी दाबली की पाचवं चांगलं मिळण्याची शक्यता खरोखर वाढते. कपाशीचं तसं नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस फुटलेल्या बोंडांवर पडेल की नाही, पाकिस्तानात पीक किती येईल, चीन किती गाठी उचलेल, सरकार आयात शुल्क ठेवेल की काढेल, यातलं काहीही पाकीट दाबून कळत नाही. जिथे चौकशी केल्याने काही हाती लागतं तिथे त्याने चौकशी ठेवली, आणि जिथे लागत नाही तिथे आशा ठेवली. खतं महाग, मजुरी महाग, वीज रात्रीची. सगळ्या निविष्ठांत आशा तेवढी बिनखर्चाची, तिच्यासोबत कोणी लिंकिंगमध्ये नको असलेली दुसरी गोणी घ्यायला लावत नाही.

कापसाचं आणि नशिबाचं नातं तसं जुनं आहे, आणि कागदोपत्री आहे. मुंबईत ज्याला पुढे मटका म्हणू लागले, तो आकड्यांचा खेळ सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर चालायचा. 1961 च्या सुमारास तो बंद पडला, मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या-पत्त्यांवर आपापले आकडे काढायला सुरुवात केली, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द कापसाच्याच घरचे राहिले. म्हणजे पन्नासच्या दशकात परळचा गिरणी कामगार आणि चोपड्याचा शेतकरी एकाच न्यूयॉर्कच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले. एकाने चार आणे लावले तर त्याला पोलिसांनी धरायचं, दुसऱ्याने अख्खं शेत लावलं तर त्याला सोसायटीने पीककर्ज द्यायचं. पुढे 1969 साली सरकारने स्वतःची राज्य लॉटरीच काढली, कारण मटक्यात जाणारा पैसा निदान सरकारी तिजोरीत तरी जावा. तेव्हा नशिबावर पैसे लावण्याबद्दल खान्देशातल्या माणसाला कोणी उपदेश करायचा झाला, तर आधी उपदेशकाची पात्रता तपासावी लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे तर जुगाराचं समर्थन झालं. आखाजी पाहिलेला माणूस हा आक्षेप घेणार नाही. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. घराघरात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. आणि पुरुषमंडळी निंबाखाली पत्ते घेऊन बसतात. एरवी पत्त्यांच्या नुसत्या आवाजावर डोळे वटारणाऱ्या आजीसुद्धा त्या दिवशी "पोरं खेळू राहिली, खेळू द्या" म्हणतात. आता याच दिवसाची दुसरी बाजू पाहा. सालदाराचं साल आखाजीपासून धरायची रीत आहे. म्हणजे सकाळी सालदाराशी वर्षाच्या पैशांवरून, वर धान्य किती यावरून, पायातल्या जोड्यावरून तासभर घासाघीस करणारा शेतकरी दुपारी तीन पत्तीत डोळे झाकून ब्लाइंड खेळतो. शहाण्यांना ही विसंगती वाटते. मला ही श्रमविभागणी वाटते. वर्षभर पावसाशी, बाजाराशी आणि विजेच्या भारनियमनाशी जो खेळ चालणार, त्यात हरण्याची सवय निदान ओळखीच्या माणसांसमोर आणि पोटभर रस खाऊन करून घ्यावी. बाकीचे 364 दिवस पत्त्यांना हात न लावणारे लोकही तोच खेळ खेळत असतात, फक्त त्याला शेती म्हणतात आणि त्यात पत्ते पिसणारा दिसत नाही.

पिसणाऱ्याचा अंदाज सांगणारे मात्र भरपूर आहेत. हवामान खातं एप्रिलमध्ये पावसाचा पहिला अंदाज देतं. देशाची दीर्घकालीन सरासरी 87 सेंटिमीटर, तिच्या 96 ते 104 टक्के पडला तर सर्वसाधारण, आणि अंदाजात पाच टक्के इकडे-तिकडे चूक धरायची. 2023 ला खात्याने 96 टक्के सांगितला, पडला 94. 2024 ला सांगितला 106, पडला 108. म्हणजे खातं दोन्ही वेळा बरोबर. अडचण एवढीच की देशाचा सरासरी पाऊस शिंदखेड्यात पडत नाही, देशात पडतो. मेघालयात डोंगर वाहून गेला आणि आमच्याकडे धूळ उडाली तरी मधली रेघ शंभरावर येते आणि दिल्लीत समाधान होतं. म्हणून गाव दुसरीकडेही कान ठेवून असतं. खान्देशाच्या शिवेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्यं, मध्ये चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांवर पाण्याची घागर, शिवाय राजाच्या गादीसाठी पान-सुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा किती हलला, ते पाहून वर्ष सांगितलं जातं. पाऊस लहरी राहील, कुठे कमी कुठे जास्त. हे भाकीतही कधी खोटं ठरत नाही. खात्याचे उपग्रह आणि भेंडवळचं ढेकूळ यांना मी एका मापात मोजत नाही, उपग्रह आपली चूक आधी जाहीर करतो हा फरक फार मोठा आहे. पण ऐकणारा दोन्ही अंदाज एकाच कानाने ऐकतो, आणि तो कान मोठा गमतीचा आहे.

"उद्या साठ टक्के शक्यता आहे म्हणे." "म्हणजे येणार." "अरे पण चाळीस टक्के नाही येणार." "ते चाळीस टक्के धुळ्याकडे." जळगावच्या पारावरचं हे गणित आहे. धुळ्याच्या पारावर तेच चाळीस टक्के जळगावकडे पाठवलेले असतात. दोन्हीकडची माणसं हिशेबात पक्की आहेत, टक्केवारी कोणी नाकारत नाही, फक्त वाटप आपापल्या सोयीने करतात. आणि यात मला वेडेपणा दिसत नाही. याकोब बर्नूली नावाच्या स्विस गणितज्ञाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1713 साली छापला गेला. त्यात त्याने सिद्ध केलं की एखादी गोष्ट पुष्कळ वेळा करत राहिलात तर निकाल हळूहळू खऱ्या शक्यतेजवळ येतो. सुंदर नियम आहे. पण त्यातला 'पुष्कळ वेळा' हा भाग शेतकऱ्याला कुठून आणून द्यायचा? वडिलांनी नांगर सोडल्यापासून मुलाने तो घेईपर्यंत माणसाच्या वाट्याला पस्तीस-चाळीस खरीप येतात. बर्नूलीला पटेल इतके प्रयोग करायचे तर शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पेरायला सुरुवात करायला हवी होती. विमा कंपनीचं बरं असतं. तिच्याकडे एकाच हंगामात लाखो शेतकरी, म्हणजे लाखो प्रयोग. सरासरी तिच्या दारात येऊन उभी राहते. ज्याला आयुष्यात चाळीस डाव मिळणार आणि त्यातला प्रत्येक डाव त्याचं वर्ष खाणार, त्याने सरासरी घेऊन काय करायचं? त्याला या वर्षीचा पाऊस पाहिजे.

विम्याचा विषय निघालाच आहे तर रावेर-यावलच्या केळीकडे जायला हवं, कारण आशावादाचा इतका गुंतागुंतीचा नमुना दुसरीकडे सापडणार नाही. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. थंडीत तापमान ठरलेल्या अंशाखाली सलग ठरलेले दिवस राहिलं, किंवा उन्हाळ्यात ठरलेल्या अंशावर सलग ठरलेले दिवस चढलं, तर भरपाई. पण तापमान मोजायचं ते महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर, बागेत नाही. लॉटरी काढणारा आपला नंबर लागावा म्हणून पैसे भरतो. विमा काढणाऱ्याने तो लागू नये म्हणून भरायचे असतात, असं पुस्तकात लिहिलंय. केळीवाल्याची प्रार्थना या दोन्हींच्या पलीकडे गेलेली आहे. देवा, थंडी पडू दे, पण केंद्रावर पडू दे. बागेत उबदार राहू दे. मग ऐन जानेवारीत गावात केळीच्या घडांपेक्षा केंद्राच्या आकड्यांची चर्चा जास्त होते. "काल किती होतं?" "बसलं. अजून एक दिवस पाहिजे." आणि नेमक्या त्या शेवटच्या रात्री ढग येतात, पारा अर्ध्या अंशाने वर सरकतो, सलगपणा तुटतो, आणि आदल्या रात्रींच्या थंडीने चरका बसलेली बाग घेऊन माणूस कोरडा राहतो. तेव्हा तो काय म्हणतो? "फेब्रुवारी बाकी आहे अजून." हे ऐकून हसावं की नमस्कार करावा ते मला ठरवता येत नाही, आम्ही लेख लिहिणारे लोक बांधावर पंख्याची सोय असेल तरच शेतीवर बोलतो.

कोणी म्हणेल, प्रार्थना आणि पारावरचं वाटप ठीक आहे, पण यात अक्कल कुठे आहे? अक्कल पाहायची तर केळीच्या व्यापाऱ्याचा माणूस बागेत शिरताना पाहावा. दोन ओळी चालतो, चार घडांना हात लावतो, मान वर करून एकदा नजर फिरवतो आणि सांगतो, इतके क्विंटल निघतील. फारसा चुकत नाही. महाभारतातल्या नलाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातूनच बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं अशीच नजरेने सांगतो, आणि नळ रथ थांबवून मोजून पाहतो तर ती बरोबर निघतात. फाशांची विद्या आणि पानं मोजण्याची विद्या त्या राजाकडे एकत्रच होती. संख्याशास्त्राचे अभ्यासक ही कथा नमुना-चाचणीचा फार जुना दाखला म्हणून कौतुकाने सांगतात. रावेरात ती विद्या अजून रोजंदारीवर मिळते, फक्त तिला राजा म्हणत नाहीत.

त्याहून मोठा पुरावा धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आहे. साक्रीकडे नदीवर ठिकठिकाणी जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांवर फड पद्धत चालत आली, काही शतकं जुनी. गावची भिजती जमीन मोठ्या फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, दर वर्षी पिकांची पाळी फिरायची, आणि प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी आलं की कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी वेगळा, राखायला जागल्या वेगळा. कोरड्या फडात सगळ्यांचं थोडं बुडालं, भिजल्या फडात सगळ्यांचं थोडं पिकलं, आणि नशिबावर एकट्याने शिव्या खायची वेळ कोणावर आली नाही. 1654 साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा हे दोन थोर गणितज्ञ एकमेकांना पत्रं लिहून अर्धवट राहिलेल्या डावातले पैसे खेळाडूंनी कसे वाटून घ्यावेत, या प्रश्नाशी झगडत होते. त्या पत्रांतून संभाव्यतेचं शास्त्र निघालं म्हणतात. इकडे अर्धवट आलेल्या नदीचं पाणी वाटून घेताना एकही पत्र लिहावं लागलं नाही, पत्र लिहायला वेळ कोणाला होता? आता पुष्कळ फड मोडले, विहिरी आणि मोटारी आल्या. पण ती रीत घरात शिरली आहे. दोन एकर कपाशी, एक एकर मका, दावणीला म्हैस, थोरला मुलगा पुण्यात कंपनीत, धाकटा पोलीस भरतीसाठी पहाटे पळतोय, सून अंगणवाडीत. असं घर पारावर बसून "आवंदा कापूस पंधरा हजार जाईल" म्हणत असेल तर खुशाल म्हणू द्यावं. त्यांनी म्हैस विकलेली नाही.

कापसाचा भाव म्हटला की माझ्या युक्तिवादातलं मोठं भगदाड उघडं पडतं, आणि विरोधक त्यातून बैलगाडी घालतात. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या कितीतरी वर गेला. पुढच्या वर्षी भाव आठ-साडेआठच्या आसपास होते, हमीभावाच्या बरेच वर, तरी खान्देशातल्या घराघरात कापूस भरून राहिला. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, पाहुणा आला तर कापसाला थोडं सरकायला सांगायचं. पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, उंदरांनी संसार थाटले, उन्हाळ्यात वजन घटलं, आणि भाव दर आठवड्याला खाली. "काढून टाका ना नाना." "गेल्या वर्षी बारा होता." हा आशावाद नव्हे, आणि याची वकिली मी करणार नाही. इथे माहिती उपलब्ध होती, रोज मोबाइलवर येत होती. वांग्याच्या न्यायाने इथे शंका घ्यायची वेळ होती. नानांनी गेल्या वर्षीच्या भावाला वचन समजून त्याच्यावर उधारी मांडली. जळगावच्या सराफ बाजारातही हेच चालतं, आणि तिथे तर शिकले-सवरलेले लोक असतात. जुलै 2024 मध्ये आयात शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आलं, सोनं एका दिवसात तोळ्यामागे हजारोंनी उतरलं, आणि जे वर्षभर "उतरलं की घेऊ" म्हणत होते ते म्हणाले, "अजून उतरेल." पुढच्या एप्रिलमध्ये तोळा लाखाला टेकला. कर्जाच्या बोज्याखाली खचलेल्या घरासमोर आशेचं कौतुक करणं निर्लज्जपणाचं होईल, हेही इथेच मान्य करून टाकतो. अशा घराला कर्जमाफी लागते, लेख लागत नाही.

तरीही नानांचा कापूस पुढे करून सगळी आशाच मोडीत काढायची, हे मला मान्य नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंनी एका कवितेत ज्योतिषाला दारातूनच परत पाठवलं आहे, आपलं दैव आपल्याला ठाऊक आहे म्हणून. ही बाई निरक्षर, ऐन तारुण्यात वैधव्य आलेली, शेतावर राबणारी. तिला भविष्य नको होतं, पण पेरायचं तिने थांबवलं नव्हतं. पुढचं सगळं आधी कळावं ही हौस मुळात भरल्या पोटाची आहे.

शेवटचा आक्षेप धुळेकरांवर आहे, की आशेपायी माणसं वाट पाहत बसतात आणि काम राहून जातं. त्यांचा पुरावा म्हणजे मनमाड-इंदूर रेल्वे. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला 1900 साली, आणि गाडी धुळ्याला येऊन थांबली ती थांबलीच. पुढे इंदूरकडे जायला रूळच नाहीत. मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. प्रत्येक निवडणुकीत ही रेल्वे धुळ्यात येते आणि मतमोजणीनंतर परत जाते. अखेर सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर मार्ग मंजूर केला: 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये, 2028-29 पर्यंत पुरा. पण या सगळ्या काळात धुळेकर फलाटावर बसून होता का? महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यावर त्याने ट्रक घातले, ढाबे काढले, पोरं सुरतेला धाडली, आणि संध्याकाळी पारावर येऊन रेल्वे कधी येणार यावर वाद घातला. आता मंजुरी आली तरी वाद तोच आहे. "एकोणतीसला होईल म्हणतात." "होईल ना." "तुमचे आजोबाही हेच म्हणायचे, आप्पा." "मग त्यांच्या वेळेपेक्षा आता शक्यता जास्त आहे की नाही?" "आणि नाहीच झाली तर?" "तर चाळीसगावहून बसू. मेच्या सुटीचं तिकीट काढलंय मी. वेटिंग एकशे बारा आहे, पण भुसावळ येईपर्यंत होऊन जातं कन्फर्म."